जोडऔषधे : विज्ञान कोणाचे, बाजार कोणाचा?

(पवई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल, की हा डॉक्टरांच्या परिषदेचा विषय. तो आपल्या अभ्यासवर्गात कशाला? घरे, रोजगार, महागाई, कंत्राटी कामगार हे आपले नेहमीचे विषय. रोगजंतू एका औषधाला दाद देत नाहीत, म्हणून दोन-तीन औषधे एकत्र करून द्यावी लागतात, ही गोष्ट प्रयोगशाळेतली. परंतु कोणते औषध शोधले जाते, कोणते तयार होते, ते कोणाच्या हाती पडते आणि कोणाच्या पडत नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचा निकाल प्रयोगशाळेत लागत नाही. म्हणून थोडे विज्ञान आणि थोडे अर्थकारण अशी आजची मांडणी आहे. विज्ञानाच्या भागाला कंटाळू नये, ही विनंती. तो समजल्याशिवाय पुढचे सारे नुसते घोषणांपुरते उरते.

सुरुवात आपण बसलो आहोत तेथूनच करू. येथून हाकेच्या अंतरावर मुंबईची आयआयटी आहे. १९५८ साली ती युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत मदतीने उभी राहिली. तेथील रसायनशास्त्र विभागातील प्राध्यापक शोभना कपूर आणि त्यांचे सहकारी क्षयाच्या जंतूच्या बाह्य आवरणाचा अभ्यास करीत आहेत. २०२५ साली त्यांचे जे संशोधन पुढे आले, त्यात त्यांनी क्षयजंतूचा एक निरुपद्रवी भाऊबंद घेतला आणि त्याला दोन अवस्थांत तपासले : एक वाढीची, दुसरी झोपेची. आढळले असे, की झोपेच्या अवस्थेत हा जंतू आपल्या आवरणातील स्निग्ध पदार्थांची रचना बदलतो. एरवी मऊ व प्रवाही असणारे आवरण ताठ व घट्ट होते. मग त्याच जंतूला रोखण्यासाठी तेच औषध दुपटीपासून दहापटीपर्यंत अधिक लागते. जंतूच्या गुणसूत्रात कोणताही बदल झालेला नसतो. त्याने फक्त दार लावून घेतलेले असते. यावरून या संशोधकांनी सुचविलेला मार्ग साधा आहे : नव्या औषधाची वाट पाहत बसण्यापेक्षा जुन्याच औषधाला आवरण सैल करणाऱ्या एखाद्या रेणूची जोड द्यावी. हे अद्याप प्रयोगशाळेतले काम आहे, रुग्णापर्यंत पोचलेले नाही, हेही लगेच सांगून ठेवतो. परंतु जोडऔषधाची कल्पना समजून घेण्यास याहून सोपे उदाहरण मला तरी माहीत नाही.

क्षयरोग आणि जोडऔषध यांचे नाते जुने आहे. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले. १९४८ साली ब्रिटनमध्ये त्याच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा पहिल्या काही महिन्यांत रुग्ण चांगलेच सुधारलेले दिसले. पण अनेकांच्या शरीरातील जंतू लवकरच त्या औषधाला निर्ढावले आणि मिळालेला लाभ हातचा गेला. त्याच काळात दुसरे एक औषध जोडीला दिले, की हे निर्ढावणे बरेचसे थांबते, असे दिसून आले. त्यामागे सरळ गणित आहे. क्षयजंतूंच्या सुमारे १० लाखांत एक आयसोनियाझिडला जन्मतःच दाद न देणारा निपजतो. रिफाम्पिसिनला दाद न देणारा सुमारे १० कोटींत एक. फुप्फुसातील एका पोकळीत १० कोटी किंवा त्याहून अधिक जंतू सहज असतात. म्हणजे एकच औषध दिले, तर त्यातून सुटणारे जंतू तेथे आधीच हजर आहेत. बाकीचे मेले की हेच वाढतात. दोन्ही औषधे एकत्र दिली, तर दोहोंतून सुटणारा जंतू कोटी कोटींत एक, आणि तेवढे जंतू एका माणसाच्या छातीत मावत नाहीत. क्षयाच्या रुग्णाला एकाच वेळी तीन-चार औषधे का देतात, याचे उत्तर एवढेच आहे. आणि साठा संपला म्हणून त्यांतले एखादे औषध चार आठवडे मिळाले नाही, तर काय घडते, याचेही उत्तर याच गणितात आहे.

येथे मद्रासची आठवण द्यायला हवी. १९५६ साली तेथे क्षयरोगावरील औषधोपचाराचे संशोधन केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद हे त्यामागे होते. मद्रासच्या गरीब वस्त्यांतील काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवले. तेथे पोषक अन्न, विश्रांती, परिचारिका असे सारे काही होते. इतरांना त्यांच्या खुराड्यासारख्या घरांतच ठेवून तीच दोन औषधे वर्षभर दिली. दोन्ही गटांत गुण येण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले, आणि घरच्या माणसांना लागण होण्याचा धोकाही वाढला नाही. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने जगभरची आरोग्यधामे ओस पडू लागली. नियमितपणे आणि फुकट मिळणारे जोडऔषध श्रीमंताच्या हवापालटाची बरोबरी करू शकते, हे मद्रासच्या झोपडीत सिद्ध झाले. आपल्या देशातील सार्वजनिक संशोधनाचे इतके लोकोपयोगी फळ क्वचितच दुसरे असेल. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र ते शोधूनही सापडत नाही.

जोडऔषधाचा दुसरा प्रकार वेगळ्या तत्त्वावर चालतो. पेनिसिलिन जंतूची भिंत बांधू देत नाही. त्यावर जंतूंनी काढलेला तोड म्हणजे पेनिसिलिनचा रेणू कापून टाकणारे विकर. हे विकर अब्राहम आणि चेन यांनी १९४० साली नोंदविले, म्हणजे पेनिसिलिन रुग्णांना सर्रास मिळू लागण्यापूर्वीच. पुढे शास्त्रज्ञांनी त्यावर प्रतितोड काढला. पेनिसिलिनच्या कुळातील औषधाबरोबर असा एक रेणू द्यायचा, की विकराने त्यालाच धरून बसावे आणि मूळ औषध मोकळे राहावे. क्लॅव्ह्युलानिक आम्ल हा त्यातला पहिला यशस्वी रेणू. अमॉक्सिसिलिनबरोबर त्याची जोडगोळी १९८१ साली ब्रिटनच्या बाजारात आली. आज आपल्या प्रत्येक औषधदुकानात ती मिळते, आणि साध्या सर्दीलाही दिली जाते.

जंतू तेथे थांबले नाहीत. एकेक औषध निकामी होत गेले आणि शेवटचा आधार म्हणून कार्बापेनेम कुळातील औषधे उरली. तीही कापणारे एक जस्तयुक्त विकर २००८ साली स्वीडनमधील एका रुग्णात सापडले. त्या रुग्णावर त्याआधी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून त्या विकराला नवी दिल्लीचे नाव मिळाले. २०१० साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्याच्या प्रसाराचा अहवाल आला, तेव्हा आपल्या संसदेत आणि वृत्तपत्रांत देशाच्या बदनामीचा केवढा गहजब झाला! पण त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे तो अहवाल येण्याच्या काही महिने आधी, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी भारतातीलच एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते, की त्यांनी तपासलेल्या २४ कार्बापेनेम-प्रतिकारक जंतूंपैकी २२ जंतूंत हे विकर आहे. ती नोंद फारशी कोणी वाचली नाही. नावावरून भांडण मात्र सर्वांनी केले. याच रुग्णालयातील डॉक्टरांनी कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदविले, तेव्हा २०१२ साली पुन्हा तेच झाले. ही संज्ञा मान्यताप्राप्त नाही, असे सरकारने सांगितले. संज्ञा कोणती वापरावी, हा वाद विद्वानांनी जरूर करावा. रुग्ण मात्र खरे होते. एवढे चांगले घडले, की त्याच वर्षी मे महिन्यात क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणे सक्तीचे झाले.

या जस्तयुक्त विकरावर आता जोडऔषधे येत आहेत. एक जोडी अॅझ्ट्रिओनाम आणि अॅव्हिबॅक्टम यांची. पहिले औषध १९८० च्या दशकातले. हे विकर त्याला कापू शकत नाही. परंतु त्याच जंतूजवळ दुसरी विकरे असतात आणि ती त्याला कापतात. त्यांना दुसरा रेणू अडवून धरतो. २०२४ साली युरोपात आणि २०२५ साली अमेरिकेत या जोडीला परवानगी मिळाली. दुसरी जोडी महाराष्ट्रातली आहे. मुंबईच्या वोखार्ट कंपनीच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथील संशोधन केंद्रात झिडेबॅक्टम नावाचा रेणू तयार झाला. सेफेपाइम हे जुने औषध जंतूच्या भिंतीचे बांधकाम एका ठिकाणी थांबवते, तर हा रेणू दुसऱ्या ठिकाणी थांबवतो. त्यामुळे विकराशी झुंजण्याची गरजच कमी होते. मूत्रमार्गाच्या गंभीर संसर्गाच्या ५३० रुग्णांवर त्याची चाचणी झाली. तीत या जोडीने ८९ टक्के, तर मेरोपेनेम या प्रस्थापित औषधाने ६८.४ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले, असे कंपनीने २०२५ साली जाहीर केले. तिसरी जोडी, सेफेपाइम आणि एनमेटाझोबॅक्टम, ही चेन्नईच्या ऑर्किड कंपनीच्या रेणूवर उभी आहे. त्या रेणूच्या पुढील चाचण्या एका युरोपीय कंपनीने केल्या आणि २०२४ साली त्याला अमेरिकेची व भारताचीही परवानगी मिळाली. आपल्या शास्त्रज्ञांची बुद्धी कमी पडते, असे म्हणणाऱ्यांनी ही नावे ध्यानात ठेवावीत. कमी पडते ते रेणू सापडल्यानंतरच्या दहा-बारा वर्षांचे भांडवल. ते ज्याच्याजवळ असते, किंमतही तोच ठरवतो.

आता बाजाराकडे वळू. वर सांगितलेल्या प्रत्येक जोडीमागे एक तर्क आहे. पण आपल्याकडे जोडऔषध म्हणून जे जे विकले जाते, त्या सर्वांमागे असा तर्क आहे, हे समजणे भाबडेपणाचे ठरेल. एखाद्या औषधाची किंमत सरकारने बांधून दिली, की त्यात दुसरे औषध मिसळायचे, नवे नाव द्यायचे आणि किंमतनियंत्रणातून निसटायचे, ही युक्ती या धंद्यात फार जुनी आहे. रुग्णाला नेमका कोणता जंतू आहे, हे न तपासता दोन प्रतिजैविके एकाच गोळीत कोंबायची, एक नाही तर दुसरे लागू पडेल, हा त्यातला व्यवहार. जुलाबावर आपल्या वस्त्यांत सर्रास दिली जाणारी ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल यांची गोळी आठवा. बहुतेक जुलाबांना या दोहोंपैकी एकाचीही गरज नसते. गरज असते ती मीठ-साखरेच्या पाण्याची. प्रा. चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीच्या अहवालावरून १० मार्च २०१६ रोजी केंद्र सरकारने ३४४ निश्चित-मात्रा मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. पुन्हा तपासणी झाली. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी आली. मधल्या अडीच वर्षांत ही औषधे कोणाच्या पोटात गेली, याचा हिशेब कोणत्याही न्यायालयाने मागितला नाही.

एकाच देशात औषधांचा हा पूर आणि हा दुष्काळ एकत्र नांदतात. २०२५ साली आठ देशांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या संसर्गाच्या रुग्णांपैकी योग्य औषध किती जणांना मिळाले असावे, याचा त्यात २०१९ सालच्या आकड्यांवरून अंदाज बांधला आहे. आठही देश मिळून ६.९ टक्के, भारतात ७.८ टक्के. शंभरातले बाणव्वे उरलेच. त्याच २०१९ साली भारतात सुमारे ३ लाख माणसे जंतूंच्या औषध-प्रतिकारामुळेच दगावली, असा जागतिक अभ्यासकांचा अंदाज आहे. औषधांचा अतिवापर हाच काय तो रोग, असे मानून उपदेश करणाऱ्या सज्जनांना मला हा ७.८ चा आकडा दाखवावासा वाटतो. सर्दीला जोडगोळी घेणारा आणि रक्तात विषार पसरल्यावर जोडऔषधाअभावी मरणारा, हे पुष्कळदा एकाच चाळीतले असतात. कधी कधी तो एकच माणूस असतो.

याचा दोष रुग्णाच्या अज्ञानावर टाकणे सोपे आहे. धारावीतील १०६ खाजगी डॉक्टरांना क्षयाच्या एका काल्पनिक रुग्णासाठी औषधे लिहून द्या, असे एका अभ्यासात सांगण्यात आले. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. १०६ डॉक्टरांनी ६३ निरनिराळ्या औषधयोजना लिहिल्या. बरोबर निघाल्या फक्त ६. दिवस बुडवून पालिकेच्या दवाखान्यात रांग लावणे ज्याला परवडत नाही, तो संध्याकाळी कामावरून परतताना या डॉक्टरांकडे जातो. दवाखान्याची वेळ आणि कामाची वेळ एकच असेल, तर त्याला दुसरा मार्ग कोणता?

क्षयाच्या बाबतीत एक लढाई जिंकली गेली आहे. तिची माहिती प्रत्येक कार्यकर्त्याला हवी. औषध-प्रतिकारक क्षयावर पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार चालत आणि त्यात कानामायसिनची इंजेक्शने असत. त्यामुळे कित्येकांची श्रवणशक्ती कायमची गेली. आता बेडाक्विलिन, प्रेटोमनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांची सहा महिन्यांची योजना आली आहे. केंद्र सरकारने ती सप्टेंबर २०२४ मध्ये स्वीकारली. यांपैकी बेडाक्विलिनचे मूळ एकस्व जुलै २०२३ मध्ये संपणार होते. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने त्या औषधाच्या क्षारावर दुसरा अर्ज करून मक्तेदारी आणखी चार वर्षे लांबविण्याचा प्रयत्न केला. उपचारात ऐकू येणे गमावलेल्या दोन स्त्रियांनी, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी, त्याला २०१९ साली हरकत घेतली. २३ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या एकस्व कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी जागतिक खरेदीत या औषधाची किंमत निम्म्याहून अधिक उतरली. १९७० च्या एकस्व कायद्यातील लोकहिताची तरतूद २००५ च्या दुरुस्तीत पुष्कळशी वाहून गेली. पण जुन्याच औषधाला नवा मुलामा देऊन मक्तेदारी मागता येणार नाही, हे कलम डाव्या पक्षांच्या आग्रहाने तेव्हा घट्ट झाले. त्याचा उपयोग कसा होतो, तो हा असा.

पण कायदा औषध बनवीत नाही. ते कारखान्यात बनते. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांची मदत त्यास होती. तेथील संशोधकांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले, आणि ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळते त्याच्या शास्त्रीय नावात आजही पिंपरी आहे. १९७५ साली हाथी समितीने औषध-उद्योगात सार्वजनिक क्षेत्राला अग्रस्थान द्यावे आणि औषधे व्यापारी नावांऐवजी मूळ नावांनी विकावीत, असे सुचविले. १९७९ साली ३४७ औषधांच्या किमती नियंत्रणाखाली होत्या. १९९५ साली त्या ७४ वर आल्या. २०१३ पासून तर किंमत उत्पादनखर्चावरून न ठरता बाजारातील चालू किमतींच्या सरासरीवरून ठरते, म्हणजे ज्यांनी किमती चढविल्या त्यांच्याच चढविलेल्या आकड्यांची सरासरी काढायची. पिंपरीचा कारखाना १९९० च्या दशकातच आजारी उद्योगांच्या यादीत गेला. चीनमधून स्वस्त कच्चा माल येऊ लागला, देशातील पेनिसिलिनचे कारखाने एकामागून एक बंद पडले, आणि ज्या देशाने १९५५ साली स्वतःचे पेनिसिलिन केले तो त्याच्या मूळ द्रव्यासाठी परक्या देशावर विसंबून राहिला. आता सरकारी अनुदान देऊन तेच उत्पादन खाजगी कंपनीकडून पुन्हा सुरू करवून घेतले जात आहे. संशोधनाला, चाचण्यांना आणि उत्पादनाला सार्वजनिक पैसा लागतोच, हे यातून सर्वांनीच मान्य केले आहे. तो पैसा ज्या जोडऔषधात गेला असेल, त्याच्या किमतीवर आणि सार्वजनिक रुग्णालयांतील पुरवठ्यावर जनतेचा हक्क लेखी करारात असावा, ही मागणी आपण का करू नये?

शेवटी पुन्हा पवई. १९८६ सालच्या त्रिपक्षीय करारात येथील जमीन एकरी ४० पैसे भाड्याने दिली गेली ती सामान्यांना परवडतील अशी लहान घरे व्हावीत म्हणून. त्या जमिनीवर काय उभे आहे, ते खिडकीतून दिसतेच. ६ जून २०२४ रोजी, पावसाळ्याच्या तोंडावर, जय भीम नगरातील शेकडो झोपड्या पाडल्या गेल्या आणि कुटुंबे पदपथावर आली. क्षयाचा उपचार घेणारा माणूस पदपथावर आला, की त्याची औषधाची पिशवी, त्याचे नोंदपत्र आणि त्याच्या घरी येणारी आरोग्यसेविका ही तिन्ही एका दिवसात हरवतात. घर पाडण्याची नोटीस काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या कागदावर ही बाब कोठेही नसते. ती तेथे असावी, असा आग्रह पालिकेच्या एस विभाग कार्यालयात आपल्याला धरता येईल.

मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या पहिल्या टप्प्यातील औषधांचा देशभर तुटवडा झाला, तेव्हा केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करण्यास सांगितले. तसा तुटवडा पुन्हा झाला, तर तो वृत्तपत्रांत येण्याआधी आपल्याला कळला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक शाखेने आपल्या भागातील पालिका दवाखान्यात दर पंधरवड्याला जाऊन चौकशी करावी : चारही औषधे आहेत का, रुग्णांना किती दिवसांची एकदम देतात, नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झालेले पोषण-अनुदान खात्यात जमा होते का, दवाखाना संध्याकाळी उघडा असतो का. मार्च २०१४ पासून काही निवडक प्रतिजैविके व क्षयाची औषधे विकताना दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवायची असते. ही वही औषध-निरीक्षकाने शेवटची केव्हा तपासली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. फुलेनगर आणि चांदिवलीच्या शाखांनी हे अर्ज प्रथम करावेत, असे मी सुचवितो. मसुदा तयार आहे, बैठक संपल्यावर तो घेऊन जावा.